रीइश्यू गिटार म्हणजे नेमकं काय: नव्याने घेणाऱ्यांसाठी

"काका, बासष्टची स्ट्रॅट मिळतेय, जपानची. पण एवढी स्वस्त कशी?"

गेल्या पावसाळ्यात आमच्या ठाण्याच्या इमारतीतला एक कॉलेजचा मुलगा फोन पुढे करून दारात उभा होता. जाहिरातीत लिहिलेलं: फेंडर स्ट्रॅटोकास्टर, १९६२, मेड इन जपान. फोटोत गिटार देखणी दिसत होती. पण फेंडर या अमेरिकन गिटार कंपनीचं जपानमधलं उत्पादन सुरू झालं तेच मुळी १९८२ मध्ये. १९६२ साली स्ट्रॅटोकास्टर, म्हणजेच स्ट्रॅट ही तिची इलेक्ट्रिक गिटार, कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये बनायची. म्हणजे जाहिरातीतली दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असणं शक्यच नव्हतं. विकणाऱ्याने एक शब्द गाळला होता: रीइश्यू. तेवढा शब्द असता तर किंमत अगदी रास्त होती. तो नव्हता, म्हणून मुलगा आधी हरखला आणि मग घाबरला.

हा गोंधळ मी इतक्यांदा पाहिला आहे की एकदा सविस्तर लिहावं असं वाटलं.

आधी अर्थ समजून घेऊ. पुस्तकाचं उदाहरण सगळ्यांत जवळचं. पहिली आवृत्ती संपते, वर्षं जातात, मग तोच प्रकाशक तोच मजकूर पुन्हा छापतो. ते पुनर्मुद्रण. तोच प्रकाशक मजकुरात भर घालतो, चुका दुरुस्त करतो, ती सुधारित आवृत्ती. दुसरंच कोणी तेच पुस्तक छापून विकतं, ती नक्कल. गिटारमध्ये रीइश्यू म्हणजे पुनर्मुद्रण: मूळ नावाचा हक्क असलेल्या कंपनीने आपलंच जुनं मॉडेल, एका ठरावीक वर्षाच्या घडणीबरहुकूम, पुन्हा बनवणं. "बासष्ट रीइश्यू" हे एका वर्षाबद्दल दिलेलं वचन आहे. ते वचन कोणी दिलं, कुठल्या वर्षाचं दिलं आणि किती पाळलं, एवढं तपासता आलं की पुढचं सोपं होतं.

जुन्या गिटारी पुन्हा बनवायची वेळ का आली, हे थोडक्यात सांगतो. जानेवारी १९६५ मध्ये लिओ फेंडरने आपली कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. पुढच्या काही वर्षांत उत्पादन वाढलं आणि घडण ढिली पडली, असं वादकांचं मत झालं. गिब्सन या दुसऱ्या बड्या अमेरिकन गिटार कंपनीची मालकी १९६९ मध्ये बदलली, तिथेही तीच तक्रार. सत्तरच्या दशकात लोक नवी गिटार सोडून जुनी शोधू लागले. त्याच काळात जपानमध्ये टोकाई, ग्रेको यांसारख्या कंपन्या पन्नास-साठच्या दशकांतल्या अमेरिकन गिटारींच्या इतक्या काटेकोर नकला बनवू लागल्या की मूळ कंपन्यांना जाग आली. १९८२ मध्ये फेंडरने अमेरिकेत व्हिंटेज मालिका काढली, त्यात ५७ आणि ६२ च्या स्ट्रॅटोकास्टर होत्या, ५२ ची टेलिकास्टर होती. त्याच वर्षी फेंडर जपान स्थापन झाली आणि मात्सुमोतोच्या फुजिजेन कारखान्यात जुन्या घडणीच्या गिटारी बनू लागल्या. गिब्सनने थोडे आधीपासून प्रयत्न केले होते, पण तिथे खरं सातत्य आलं १९९३ पासून, कस्टम शॉप या खास गिटारी बनवणाऱ्या विभागाच्या हिस्टॉरिक मालिकेमुळे.

पहिली पायरी: नावाचा हक्क कोणाकडे आहे?

हेडस्टॉकवरचं, म्हणजे गिटारच्या खुंट्यांकडच्या टोकावरचं, नाव आणि मूळ मॉडेलचं नाव एकाच घरातलं आहे का, हा पहिला प्रश्न. टोकाईची स्ट्रॅटच्या आकाराची गिटार कितीही उत्तम असली, आणि काही खरोखरच फार उत्तम आहेत, तरी ती नक्कल. तिला रीइश्यू म्हणू नये. त्या काळातल्या जपानी नकलांना जाहिरातींत "लॉसूट गिटार", म्हणजे खटल्यातल्या गिटारी, म्हणतात. प्रत्यक्षात गिब्सनच्या मालक कंपनीने १९७७ मध्ये आयबानेझच्या अमेरिकन वितरकावर दावा लावला होता, तोही हेडस्टॉकच्या आकारावरून. सरसकट सगळ्या जपानी गिटारींना हा शब्द चिकटवणं म्हणजे किंमत चढवण्याची युक्ती.

काही ठिकाणी हक्काचा प्रश्न गुंतागुंतीचा होतो. लिओ फेंडरने पुढे जी अँड एल ही कंपनी काढली आणि तिथे टेलिकास्टरच्या वळणाची गिटार बनवली. माणूस तोच, हात तेच, पण नाव विकलेलं. त्यामुळे ती फेंडरची रीइश्यू नाही. त्याच माणसाने पुढे केलेला विचार आहे, आणि मला तो फार आवडतो.

उलट बाजू डॅनइलेक्ट्रोची. मूळ कंपनी १९६९ मध्ये बंद पडली. नव्वदच्या दशकात दुसऱ्या मालकाने नाव घेतलं आणि जुनी मॉडेलं पुन्हा काढली. कारखाना वेगळा, माणसं वेगळी, देशही वेगळा. नाव कायदेशीर असल्यामुळे तिला रीइश्यू म्हणतात आणि ते चालतं. फक्त तिथे सलग परंपरा शोधू नका.

एपिफोन १९५७ पासून गिब्सनच्या मालकीची आहे. एपिफोन कॅसिनो ही मुळातच एपिफोनची, १९६१ ची. तिची जुन्या घडणीतली आवृत्ती ही खरी रीइश्यू. पण लेस पॉल हे गिब्सनचं मॉडेल. मग एपिफोनच्या नावाने येणारी १९५९ ची लेस पॉल? १९५९ साली एपिफोनने लेस पॉल बनवलीच नव्हती. घरचं चित्र, घरच्याच दुसऱ्या भावाने काढलेलं. मी तिला अधिकृत प्रतिकृती म्हणतो, रीइश्यू म्हणत नाही. काही जण माझ्याशी वाद घालतील.

दुसरी पायरी: वर्ष लिहिलंय की दशक?

नव्या माणसाला मी एकच युक्ती सांगायची ठरवली तर ही सांगेन. मॉडेलच्या नावात ठरावीक वर्ष असेल, तर कंपनी सहसा त्या वर्षाच्या घडणीची जबाबदारी घेते. दशक असेल, तर ती त्या काळाची चव देते, तपशील मात्र आजच्या सोयीने जुळवते.

फेंडरच्याच तीन मालिका शेजारी ठेवा. २०२२ मध्ये आलेली अमेरिकन व्हिंटेज टू: १९५१ टेलिकास्टर, १९५७ आणि १९६१ स्ट्रॅटोकास्टर, १९७३ स्ट्रॅटोकास्टर, १९७७ टेलिकास्टर कस्टम. सगळीकडे वर्ष. ही पुनर्मुद्रणं. २०१८ ची अमेरिकन ओरिजिनल: फिफ्टीज, सिक्स्टीज, सेव्हन्टीज. दिसायला जुनी, पण फ्रेटबोर्डची, म्हणजे तारा जिच्यावर दाबतात त्या पट्टीची, गोलाई आधुनिक, साडेनऊ इंचांची. ही सुधारित आवृत्ती. फेंडरचाच स्वस्त ब्रँड असलेल्या स्क्वायरची क्लासिक व्हाइब: पुन्हा दशकं, आणि घडणीत बरीच मोकळीक. पैशांच्या मानाने अतिशय चांगली गिटार. पहिली इलेक्ट्रिक घेणाऱ्याला मी बहुतेक वेळा हीच सुचवतो. फक्त तिला रीइश्यू समजून घेऊ नका.

गिब्सनकडेही तसंच. कारखान्यातली नेहमीची लेस पॉल स्टँडर्ड फिफ्टीज आणि कस्टम शॉपची १९५९ लेस पॉल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीला बाजारात "आर नाइन" म्हणतात. आर म्हणजे रीइश्यू, नऊ म्हणजे एकोणसाठ. तसंच आर सेव्हन, आर एट. ही नावं लोकांनी पाडलेली, पण सगळे तीच वापरतात.

युक्तीला अपवाद आहेत, आणि एक मोठा अपवाद चौथ्या पायरीत येईल.

तिसरी पायरी: त्या वर्षी ती गिटार होती तरी कशी?

इथे थोडा अभ्यास लागतो आणि मला विचाराल तर सगळी गंमत इथेच आहे. "साठच्या दशकातली स्ट्रॅट" अशी एक वस्तू नाहीच. दर दोन-तीन वर्षांनी काहीतरी बदलत गेलं.

१९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली तेव्हा नेक, म्हणजे गिटारची लांब दांडी, एकसंध मेपलची होती. वेगळा फ्रेटबोर्ड नाही; फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, थेट नेकमध्येच ठोकलेले. नेक सरळ ठेवणारी लोखंडी सळई, म्हणजे ट्रस रॉड, मागून घालून ती खाच अक्रोडाच्या पट्टीने बुजवलेली, म्हणून नेकच्या पाठीवर काळपट रेघ दिसते. पिकगार्ड, म्हणजे बॉडीवरचं प्लॅस्टिकचं पान, एकेरी पांढरं, आठ स्क्रूंचं. १९५९ च्या मध्यावर रोजवुडचा वेगळा फ्रेटबोर्ड आला, पिकगार्ड तीन थरांचं झालं आणि स्क्रू अकरा. हा रोजवुड सुरुवातीला जाड होता, खालून सपाट. नेकच्या टोकाकडून पाहिलं तर दोन लाकडांमधली रेघ सरळ दिसते. १९६२ च्या मध्यावर तो पातळ झाला आणि खालून वक्र. मग तीच रेघ कमानीसारखी दिसते. १९६५ च्या अखेरीस हेडस्टॉक मोठा झाला. १९७१ मध्ये नेक चारऐवजी तीन बोल्टांवर आली. पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणारे भाग, निवडायचा पाच जागांचा स्विच १९७७ चा. त्याआधी तीनच जागा.

आता हे समोरच्या गिटारला लावा. "१९५७ रीइश्यू" म्हणून विकली जाणारी स्ट्रॅट रोजवुडची असेल तर काहीतरी चुकलंय. "१९६१" च्या गिटारचा जोड सपाट असायला हवा. "१९६३" म्हणताय आणि हेडस्टॉक मोठा? मग ते त्रेसष्ट नाही.

एका ठिकाणी मात्र घाईने दोष देऊ नका. फेंडरने आपल्या ५७ आणि ६२ च्या अमेरिकन रीइश्यूंवर तीन जागांचाच स्विच बसवला, कारण तेच खरं होतं, आणि पाच जागांचा स्विच सुटा केसमध्ये ठेवून दिला. बहुतेक मालकांनी तो बसवून घेतला. वाद्य वाजवायचं असतं, आणि ही दुरुस्ती कोणीही उलटवू शकतो.

लेस पॉलचं वेळापत्रक छोटं आहे, पण अधिक कडक. १९५२ मध्ये सोनेरी रंगात, पी-नाइन्टी पिकअपसह. १९५७ मध्ये सेथ लव्हरने घडवलेले हंबकर, म्हणजे दोन वेटोळ्यांचे पिकअप, आले. १९५८ ते १९६० सनबर्स्ट रंग, हीच ती सगळ्यांच्या स्वप्नातली गिटार, आज मूळ नग लाखो डॉलरला जातो. त्या वेळी मात्र खप कमी होता. १९६१ मध्ये गिब्सनने जुना आकार बंद करून दोन शिंगांचा पातळ आकार आणला, जो आज एसजी म्हणून ओळखला जातो. जुन्या आकाराची लेस पॉल परत आली १९६८ मध्ये. म्हणजे "१९६४ ची एकशिंगी लेस पॉल" कोणी दाखवली, तर नम्रपणे निघून या.

चौथी पायरी: आत काय आहे?

बाहेरचं रूप सारखं आणि आतला जीव वेगळा, याचं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे फेंडरचा वाइड रेंज हंबकर. गिब्सनचा हंबकर बनवणारे सेथ लव्हर साठच्या दशकात फेंडरकडे आले आणि त्यांनी हा पिकअप घडवला. १९७२ च्या टेलिकास्टर थिनलाइनवर तो आला. त्याचं वैशिष्ट्य असं की पिकअपचे स्क्रूच चुंबक होते. तांबं, निकेल आणि लोखंड यांच्या मिश्रधातूचे. हा मिश्रधातू आट्यांसाठी कापता येतो, म्हणून ते जमलं. आवाज हंबकरचा, पण धार सिंगल कॉइलची, म्हणजे एका वेटोळ्याच्या पिकअपची.

पुढे तो धातू मिळेनासा झाला. कित्येक वर्षं जपान आणि मेक्सिकोहून ७२ च्या नावाने ज्या टेलिकास्टर आल्या, त्यांच्यावर तसंच रुंद चकचकीत झाकण होतं, तेच स्क्रूंचं नक्षीकाम होतं, पण झाकणाखाली नेहमीच्या बांधणीचा हंबकर होता. आवाज कमी-जास्त करायच्या बटणांखाली पॉट नावाचे भाग असतात; मूळ गिटारमध्ये ते एक मेगओहमचे होते, मेक्सिकोच्या नगांत अडीचशे किलोओहमचे. त्याने आवाज आणखी दबला. नावात वर्ष होतं, रूप होतं, आवाज नव्हता. खऱ्या धातूचा पिकअप फेंडरने २०२० मध्ये परत आणला. मी दोन्ही एकाच अ‍ॅम्पवर ऐकल्या आहेत. तार सोडल्या क्षणी फरक कळतो. पण म्हणून मेक्सिकोची गिटार वाईट ठरत नाही. तिला रीइश्यू म्हणायचं तर "दिसण्यापुरती" हा शब्द जोडावा, एवढंच.

आतलं तपासताना क्रमाने पाहायच्या गोष्टी अशा.

फ्रेटबोर्डची गोलाई. जुन्या फेंडरची सव्वासात इंच, म्हणजे बरीच उंचवट. कॉर्ड धरायला हाताला छान वाटते. वरच्या फ्रेटवर तार ताणून मोठा बेंड मारला आणि अ‍ॅक्शन, म्हणजे तारांची उंची, खाली असेल तर तार शेजारच्या फ्रेटवर टेकून आवाज मरतो. खऱ्या रीइश्यूत हा गुण आणि हा दोष दोन्ही असतात.

ट्रस रॉडचा नट. पन्नाशी-साठीतल्या फेंडरवर तो नेकच्या टाचेकडे, म्हणजे बॉडीला जोडलेल्या टोकाकडे असतो, बॉडीत दडलेला. हेडस्टॉकच्या बाजूने चावी घालायची सोय दिसली तर गिटार आधुनिक सोयीची आहे.

पॉलिश. जुन्या गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असायचं. पातळ, काळाने पिवळसर होणारं, बारीक तडे जाणारं. फेंडरने साठच्या दशकाच्या अखेरीस जाड पॉलिएस्टरकडे वळायला सुरुवात केली. अमेरिकन व्हिंटेज मालिकेत नायट्रो मिळतं. मेक्सिकोत बनणाऱ्या व्हिन्टेरा मालिकेत बॉडीवर पॉलिएस्टर. बहुतेक व्हिन्टेरांची गोलाई मात्र सव्वासातच आहे. म्हणजे एकाच गिटारमध्ये काही वचनं पाळलेली, काही सोडलेली असतात. यादी करून पाहावं.

लेस पॉलच्या बाबतीत वजन. ऐंशीच्या दशकात गिब्सनने नेहमीच्या लेस पॉलच्या बॉडीत, वरचा मेपल चिकटवण्याआधी, नऊ भोकं पाडायला सुरुवात केली. हिस्टॉरिक रीइश्यू भरीव असतात, आणि नेकचा सांधा लांब असतो, जुन्यासारखा पिकअपच्या खळग्यापर्यंत पोचणारा. नेकजवळचा पिकअप उचलला की दिसतो.

कधीकधी कंपनीला वचन पाळायचं असूनही पाळता येत नाही. मार्टिन या अकूस्टिक गिटारींच्या अमेरिकन कंपनीच्या युद्धपूर्व डी-२८ गिटारींची पाठ ब्राझिलियन रोजवुडची होती. ते लाकूड दुर्मिळ झालं, आणि १९६९ पासून मार्टिनने भारतीय रोजवुड वापरायला घेतलं. हे लाकूड म्हणजे आपली शिसवी, तीच जी सह्याद्रीत वाढते आणि जिचे जुने पाट आणि पलंग आपल्या आजोळी असतात. मला याचा फार आनंद वाटतो की जगातल्या हजारो उत्तम गिटारींची पाठ आपल्या शिसवीची आहे. १९९२ पासून ब्राझिलियन रोजवुडचा आंतरराष्ट्रीय व्यापार कराराने जवळपास बंदच आहे. त्यामुळे १९३७ च्या डी-२८ ची ऑथेंटिक आवृत्ती काढताना मार्टिनने जनावरांच्या कातड्याचा सरस वापरला, बांधणी जुनी ठेवली, पण लाकूड मादागास्करचं घेतलं. मी तिला निःसंकोच रीइश्यू म्हणतो. कारण उघड सांगितलेलं आहे आणि बाकी सगळं जपलेलं आहे. याउलट १९७६ ची एचडी-२८: माशाच्या काट्यासारख्या नक्षीची हेरिंगबोन किनार परत आली, आतल्या पट्ट्यांचं जुनं कोरीव काम परत आलं, पण ती कुठल्याही एका वर्षाची नव्हती. ती जुन्या गुणांचं पुनरागमन, आणि स्वतःच्या बळावर एक थोर गिटार.

पाचवी पायरी: ती खरोखर कधी बनली?

रीइश्यूला दोन वर्षं असतात: जिची आठवण म्हणून बनली ते, आणि जेव्हा बनली ते. जाहिरातीत पहिलं मोठ्या अक्षरात असतं. तुम्हाला दुसरं हवं असतं.

अमेरिकन व्हिंटेज मालिकेचा नंबर "व्ही" ने सुरू होतो. जपानच्या सुरुवातीच्या गिटारींचा "जेव्ही" ने. त्या १९८२ ते १९८४ च्या, आणि आता त्यांनाच संग्राहक शोधतात. "ई" ने सुरू होणारे त्यानंतरचे. जपानी मॉडेलच्या नावातही माहिती दडलेली असते. "एसटी६२-११५" म्हणजे स्ट्रॅट, बासष्टची घडण, मूळ किंमत १ लाख १५ हजार येन. "एसटी६२-६५" म्हणजे ६५ हजार येन. एकाच नावाच्या दोन गिटारींत एवढा फरक का, हे शेवटच्या आकड्यावरून कळतं. गिब्सनच्या हिस्टॉरिक मालिकेत नंबरातला पहिला आकडा जुन्या वर्षाचा, म्हणजे एकोणसाठसाठी नऊ, आणि दुसरा ती बनली त्या वर्षाचा शेवटचा आकडा.

नंबर हा एकटा पुरावा मानू नका. फेंडरची नेकप्लेट चार स्क्रू काढले की हातात येते आणि सुटीही विकत मिळते. पॉटच्या पाठीवरचा कोड जास्त बोलका असतो. मूळ बासष्टच्या गिटारमध्ये "३०४६२२४" असं काही दिसेल: ३०४ म्हणजे स्टॅकपोल कंपनी, ६२ वर्ष, २४ वा आठवडा. पॉटसुद्धा बदलता येतो, पण सोल्डर पुन्हा तापवलेलं असेल तर ते ओबडधोबड दिसतं, लपत नाही.

सहावी पायरी: घासलेलं रूप वेगळं काढा

१९९५ मध्ये फेंडरच्या कस्टम शॉपने "रेलिक" आणल्या: नव्या गिटारी, पण रंग उडालेला, धातू गंजलेला, कोपरे झिजलेले. तेव्हापासून अनेकांना वाटतं, झिजलेली म्हणजे रीइश्यू आणि चकचकीत म्हणजे साधी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. कस्टम शॉपची कोरी करकरीत गिटारही पूर्ण रीइश्यू असू शकते. तिला "एनओएस" म्हणतात, म्हणजे जणू दुकानात न विकता तशीच राहिलेली. आणि आधुनिक घडणीची गिटार सँडपेपरने घासून कोणीही जुनी दाखवू शकतो.

एखाद्या वादकाच्या एकाच गिटारची प्रतिकृती हा आणखी वेगळा प्रकार. एरिक क्लॅप्टनने तीन जुन्या स्ट्रॅट सोडवून एक जुळवली, तीच "ब्लॅकी". २००४ मध्ये ती लिलावात ९ लाख ५९ हजार ५०० डॉलरला गेली, आणि २००६ मध्ये तिच्या २७५ हुबेहूब प्रती निघाल्या, डागा-ओरखड्यांसकट. पण जी गिटार कारखान्याने कधी तशी विकलीच नव्हती, तिला रीइश्यू कसं म्हणणार? तिला ट्रिब्यूट म्हणतात.

सातवी पायरी: वाजवा, आणि आपल्या हवेचा विचार करा

नायट्रो लॅकर रबराशी आणि काही प्लॅस्टिकशी रासायनिक खेळ करतं. साध्या स्टँडवर महिनाभर ठेवलेल्या गिटारच्या मानेवर चिकट काळा पट्टा उमटलेला मी पाहिला आहे. तो निघत नाही. स्टँडला सुती कापड गुंडाळा, किंवा गिटार केसमध्येच ठेवा. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या बदलत राहा.

दुसरं म्हणजे नेक. जूनमधली दमट हवा आणि डिसेंबरमधली कोरडी हवा यांत नेक हलते, तार उंचावते किंवा खरखरते. आधुनिक गिटारमध्ये हेडस्टॉककडून चावीचा पाव फेरा दिला की झालं. पन्नाशी-साठीतल्या फेंडरच्या रीइश्यूत त्यासाठी नेक सैल करावी किंवा काढावी लागते. वर्षातून दोनदा हे करायची तयारी आहे का, किंवा करून देणारा कारागीर जवळ आहे का, हे पैसे देण्याआधी ठरवा.

विकणाऱ्याला पाठवायचे प्रश्न असे: पूर्ण मॉडेलचं नाव काय? सिरियल नंबर कुठे आहे आणि त्याचा फोटो मिळेल का? नेकच्या टाचेचा आणि पॉटचा फोटो मिळेल का? पॉलिश कुठलं? काय काय बदललंय, आणि मूळ भाग जपून ठेवलेत का? यांची सरळ उत्तरं देणाऱ्याकडून थोडी महाग गिटार घ्यावी लागली तरी घ्या.

आमच्या मुलाच्या गिटारचं हेच केलं. मालक भला माणूस निघाला. म्हणाला, उघडून पाहा. दिवाणावर चादर पसरली, तारा सैल केल्या, चार स्क्रू काढून स्टीलच्या वाटीत ठेवले. नेक सुटली तेव्हा लॅकरचा जरा कर्र आवाज आला. टाचेवर स्वच्छ शिक्का होता, "एसटी६२", आणि बाहेरचा नंबर "ई" चा. म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची जपानी बासष्ट रीइश्यू. मुलाच्या वयाच्या दुप्पट, आणि लाकूड अजून खणखणीत. त्याने त्याच किमतीत घेतली.

नेक परत बसवताना त्याला जे दाखवलं ते इथेही सांगतो, कारण अशी रीइश्यू घेतलीत तर तुम्हालाही दर मोसमात हे करायचं आहे. स्क्रू भोकात ठेवला की लगेच आवळू नका. आधी उलट्या दिशेने, डावीकडे, हलकेच फिरवा. एका क्षणी तो किंचित खाली बसतो, बोटाला बारीक "टक्" जाणवतं. तो जुन्या आट्यांत बसला. आता उजवीकडे फिरवा, सहज आत जाईल. चारही स्क्रू असे अर्धे बसवून मग कर्णरेषेत एकेक आवळा. आटे नव्याने कापले गेले तर भोक सैल होत जातं, आणि मेपलचं भोक एकदा सैल झालं की त्यात लाकडी काडी चिकटवून पुन्हा भोक पाडावं लागतं.